तेरा पावणे आणि बेचाळीस हजार फूट

"बाई, रात्री त्यो बुटक्यांचा पिच्चर बघितलासा काय? संपंनाच की वो!"

आक्का कुठलाही विषय असा मधूनच सुरू करतात. राजारामपुरीतल्या आमच्या दोन घरांमध्ये छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर त्यांच्या मिरच्या वाळतात, आणि मिरच्या राखायच्या निमित्तानं आक्का सकाळचा निम्मा वेळ तिथंच उभ्या असतात.

"कुठल्या बुटक्यांचा?"

"त्यो न्हाई काय, केसाळ पायाचा. बिनचपलेचा फिरतोय सगळीकडं. मी म्हटलो, कोल्हापुरात आला असता तर पैला पायात जोडा घातलो असतो त्याच्या."

मागून त्यांचा नातू दात घासत आला. इंजिनीअरिंगला आहे, सुट्टीला आलाय, आणि आजीला जगातले सगळे सिनेमे दाखवायचा त्यानं विडा उचललाय. "हॉबिट, बाई. तिन्ही भाग लावले ओळीनं. आज्जी पहिल्याला जागी होती, दुसऱ्याला पेंगली, तिसऱ्याला घोरत होती."

"घोरीन न्हाईतर काय! लढाई सुरू झालती. मी झोपलो, उठलो, पाणी पिलो, परत झोपलो. लढाई हाय तितंच!"

आता हे पुस्तक माझ्या कपाटात आहे. शाळेत असताना मुलांना वाचून दाखवायचे त्यातलं. त्यामुळं माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, आक्का, ती लढाई पुस्तकात चार-पाच पानांची आहे. आणि तीसुद्धा नीट दाखवलेली नाही. नायकाच्या डोक्यात मधेच धोंडा बसतो, तो बेशुद्ध पडतो, आणि शुद्धीवर येतो तोवर सगळं उरकलेलं असतं. उरलेलं त्याला दुसरे सांगतात.

"म्हंजे त्यो बी झोपलाच की!" आक्का खूश झाल्या. "मग मला का नावं ठेवालाय ह्यो?"

टॉल्किन म्हणजे ऑक्सफर्डचा प्राध्यापक, जुन्या भाषांचा. परीक्षेचे पेपर तपासता तपासता एका मुलानं कोरं सोडलेलं पान हाती लागलं आणि त्याच्यावर त्यानं या गोष्टीचं पहिलं वाक्य लिहून टाकलं. (मी चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गांचे पेपर तपासले. कोरी पानं पुष्कळ मिळाली, वाक्य एकदाही सुचलं नाही.) पुस्तक 1937 साली आलं. छापायचं की नाही हे प्रकाशकानं आपल्या दहा वर्षांच्या पोराला विचारून ठरवलं आणि वाचनाचा मेहनताना म्हणून त्याला एक शिलिंग दिला. एकोणीस प्रकरणं, तीनशेच्या आसपास पानं. पोरांना रात्री झोपताना सांगायची गोष्ट: एक सुखवस्तू, खादाड, घरकोंबडा माणूस; त्याच्या दारात तेरा बुटके येतात आणि त्याला खजिना सोडवायला घेऊन जातात; डोंगरात राक्षसी सरडा बसलाय, त्याच्याशी गाठ पडते; आणि हा परत घरी येतो. एवढंच.

"आणि पिच्चर किती तासाचा?" हे आण्णांनी विचारलं. ते कधी फाटकात येऊन उभे राहिले कळलं नव्हतं. हातात दुधाची किटली. आण्णांनी उभा जन्म गावातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढला. सिनेमाचा विषय निघाला की त्यांना दूध नासल्याचंही भान राहत नाही.

नातवानं मोबाईल काढला. "पहिला 169 मिनिटं, दुसरा 161, तिसरा 144. सगळे मिळून 474. आठ तासाला सहाच मिनिटं कमी."

आण्णांनी डोळे मिटले. मनात आकडे मांडताना ते मिटतात. "मिनिटाला नव्वद फूट. म्हणजे 42,660 फूट. दोन हजार फुटाचं रीळ बावीस मिनिटं चालतं. एकवीस रिळं पुरायची न्हाईत, बाविसावं लावायला लागंल." डोळे उघडले. "बाई, बावीस रिळं मी एका खेळात चढवली असती तर मालकानं पगार वाढवला असता."

"आण्णा, ह्याला रीळच न्हाई," नातू म्हणाला. "डिजिटल. आणि सेकंदाला चोवीसच्या जागी अठ्ठेचाळीस फ्रेम."

"अठ्ठेचाळीस? दुप्पट? कशापायी?"

"चित्र स्वच्छ दिसावं म्हणून."

"दिसलं काय?"

"बऱ्याच लोकांना इतकं स्वच्छ दिसलं, की सेटवरचं प्लॅस्टिकसुद्धा दिसायला लागलं म्हणे."

आण्णा इतके हसले की किटलीतलं दूध हिंदकळलं.

खरं तर नातवाचं म्हणणं मला पटत होतं, की दिग्दर्शकाला एकट्याला धोपटण्यात अर्थ नाही. पीटर जॅक्सननं याच टॉल्किनची मोठी कादंबरी, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज', 2001 ते 2003 मध्ये तीन चित्रपटांत बसवली होती. ते पुस्तक हजारावर पानांचं, आणि चित्रपट मिळून 558 मिनिटं. म्हणजे हजार पानांना सव्वानऊ तास आणि तीनशे पानांना आठ. हा हिशेब मी आक्कांना सांगितला तेव्हा त्यांनी मिरच्या उलट्या करता करता एवढंच म्हटलं, "पावणे तेवढेच, कोंबडी ल्हान. रस्सा वाढवला असंल पाणी घालून."

पण पाणी कधी घातलं गेलं, ती कहाणी ऐकण्यासारखी आहे. हॉबिट करणार होता गिएर्मो देल तोरो, मेक्सिकोचा. पैशाची आणि हक्कांची भांडणं लांबली, तो 2010 मध्ये सोडून गेला, आणि जॅक्सनच्या गळ्यात माळ पडली. तयारीला वेळच मिळाला नाही हे त्यानं पुढं स्वतःच पडद्यामागच्या चित्रफितीत सांगितलं. कित्येकदा सेटवर जाऊन तिथंच ठरवायचं. ठरलेले चित्रपट दोन. त्या दोघांचं चित्रीकरण उरकलं, आणि मग 2012 च्या जुलैमध्ये, पहिला भाग पडद्यावर यायला पाच महिने उरले असताना जाहीर झालं, की आता तीन.

"का?" आक्का.

नातू म्हणाला, "टॉल्किननं मोठ्या पुस्तकाच्या शेवटी परिशिष्टं जोडली होती, वंशावळी, जुन्या लढाया, तसलं. ते घालायचं म्हणाले."

आण्णा म्हणाले, "डिसेंबरात तीन वर्सं तीन तिकिटं. परिशिष्ट कसलं घेऊन बसलाय."

तिन्ही भागांनी मिळून जगभरात जवळजवळ 290 कोटी डॉलर गोळा केले. त्यामुळं आण्णांना खोडून काढणं कठीण आहे. सेट उभा, पोशाख शिवलेले, नटमंडळी न्यूझीलंडमध्ये हजर. तिसऱ्या चित्रपटाला वरचा खर्च पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी लागणार हे शेंबडं पोरगंही सांगेल. आणि गंमत अशी, की नेमकं हेच गणित आक्कांना आधीपासून तोंडपाठ होतं, कारण आक्का आयुष्यभर मराठी मालिका बघत आल्यात.

"'चार दिवस सासूचे' आटवतंय काय?" त्यांनी भिंतीवर कोपर टेकला. म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती. "नाव चार दिवस, आणि चालली किती?"

2001 ला सुरू झाली ती 2013 पर्यंत. तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडी घराच्या मालकीणबाई आशालता देशमुख. त्या मालिकेच्या काळात आक्कांची थोरली लेक लग्न होऊन गेली, तिला पोरगं झालं, ते शाळेत गेलं. आज दात घासत भिंतीपाशी उभं आहे तेच ते.

त्याच्या आधी दूरदर्शनवर मालिका तेरा भागांची असायची. तेरा मंजूर व्हायचे, लोकांना आवडलं तर आणखी तेरा. लेखकाला पहिल्या भागात ठाऊक असायचं की तेराव्याला दिवा मालवायचाय. मग दररोजच्या मालिका आल्या, आठवड्याला सहा भाग, आणि शेवट लेखकाच्या हातातून टीआरपीच्या हातात गेला. आकडा चांगला असेल तर कथा संपवणं हा गुन्हा, आकडा पडला तर पुढच्या महिन्यात सगळ्यांची लग्नं लावून मोकळं व्हायचं. अर्ध्या तासात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं उरतात, त्यात सुनेनं दुधाचा पेला पाडला की तो पेला तीन वेळा पडतो, सात जणांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात, आणि पेला खरंच पडला की नाही हे सोमवारी कळतं.

"पेल्याचं सोडा," आक्का म्हणाल्या, "आमच्या राणादाचं काय केलं ते सांगा."

इथं आक्कांचा आवाज हळवा होतो. 'तुझ्यात जीव रंगला' 2016 मध्ये सुरू झाली आणि तिचं चित्रीकरण इथंच, आपल्या वसगडे गावातल्या वाड्यात. हार्दिक जोशीचा राणा, भोळा पैलवान; अक्षया देवधरची अंजली, पाठक बाई. माणसं गाड्या करून तो वाडा बघायला जायची. वसगड्याला एवढी गर्दी कधी कुणी बघितली नव्हती. आक्काही गेल्या होत्या, आणि मालिकेतली कारस्थानी नंदिता वहिनी दिसली असती तर दोन शब्द सुनवायची पूर्ण तयारी करून गेल्या होत्या.

"पैला दीड वर्स काय सोनं होतं बाई ते. एवढा रेड्यासारखा गडी, आणि बाईसमोर उभं ऱ्हायलं की घाम फुटायचा त्याला. मग लगीन झालं. लगीन झाल्यावर काय ऱ्हायलं? मग त्या वहिनीची कारस्थानं. ती तुरुंगात गेली, परत आली. मग राणादाच गायब, आणि ह्यो कोण तर राजा राजगोंडा! त्याला कायबी आटवंना. मी म्हटलो, बरं हाय बाबा तुला, आमाला सगळं आटवतंय."

2021 च्या जानेवारीत मालिका संपली. पुढं 2022 च्या डिसेंबरात राणा आणि पाठक बाईंनी खरोखरचं लग्न केलं. ते लग्न आक्कांनी मोबाईलवर पाहिलं आणि त्यांचं त्यावरचं मत अजून कायम आहे: मालिकेतल्यापेक्षा हे लवकर उरकलं.

आण्णांनी मध्येच विषय डोंगरावर नेला. त्यांना मालिका आवडत नाहीत, पण 'दख्खनचा राजा जोतिबा' त्यांनी लावली होती. महेश कोठारेंची, 2020 मध्ये आली, मोरेवाडीच्या चित्रनगरीत सेट लावला होता. आण्णा दर चैत्राला जोतिबाला जाणारे, सासनकाठीला खांदा देणारे. "देवाची गोष्ट केवढी आहे, बाई? रत्नासुर माजला, देवानं अवतार घेतला, मारला त्याला, वाडी रत्नागिरीवर बसला. अंबाबाईच्या मदतीला आला. आमची आज्जी जात्यावर बसून सांगायची, पायलीभर दळून व्हायच्या आत गोष्ट पुरी. आता रोज रात्री लावायची म्हटल्यावर रत्नासुराला बायको पाहिजे, बायकोला भाऊ पाहिजे, भावाला कारस्थान पाहिजे. डोंगरावरची माणसंच म्हणायला लागली, की बाबांनो, 'केदारविजय' ग्रंथात आहे तेवढं दाखवा."

"पण बघितलासा की तुमी," आक्का.

"बघितली. देव होता म्हणून बघितली."

ही ताणाताणी एकविसाव्या शतकाची देणगी आहे असं मात्र समजू नये. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' 1888 ची. ऐयार, तिलिस्म, राजकुमारी. बेताच्या आकाराची मजेदार कादंबरी. ती चालली म्हटल्यावर लेखकानं स्वतःच 'चंद्रकांता संतती' नावाचे चोवीस भाग पाडले. आणि 1994 मध्ये दूरदर्शननं तिची मालिका आणली तेव्हा तिच्यात इतकी पात्रं शिरली, की रविवारी सकाळी अख्खं गाव खलनायक क्रूरसिंहाच्या भुवया बघत बसायचं आणि मूळ गोष्टीत कोण कुणाचं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. नातवाला हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटत होतं फ्रँचायझी अमेरिकेनं काढली.

कोल्हापूरनं तर उलटी कामगिरी करून दाखवलेली. बाबूराव पेंटरांनी 1923 मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवरून 'सिंहगड' काढला, मूकपट. त्यात शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण शेलारमामा झाला होता. तोच पुढचा व्ही. शांताराम. अख्खी कादंबरी, बोलणं नाही, आणि तरी गड चढून दाखवला. प्रभात फिल्म कंपनी इथं कोल्हापुरात होती तोवर, 1932 मध्ये, तिनं 'अयोध्येचा राजा' आणि 'माया मच्छिंद्र' काढले. हरिश्चंद्राचं राज्य गेलं, बायको-पोर विकलं गेलं, स्मशान आलं, देव प्रसन्न झाला. एका बैठकीत. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात अडकला आणि गोरखनाथानं सोडवला, तेही एका बैठकीत. आज कुणाच्या हाती मच्छिंद्रनाथ लागला तर स्त्रीराज्याचाच एक अख्खा सीझन होईल.

"होऊ दे की," आक्का अनपेक्षितपणे म्हणाल्या.

आम्ही तिघं त्यांच्याकडं बघत राहिलो.

"माज्या भावाची म्हस मालिकेत होती, म्हाईत हाय न्हवं? दारातनं नुसती जायाची. तिला दिवसाचं पैसं मिळायचं. मालिका संपली, तिचं बी संपलं. त्यो म्हणायचा, आक्का, ती कारस्थानी बाई मरू नये, देव करो."

यावर कुणाला बोलता येईना. कारण हे खरंच आहे. चित्रीकरण लांबलं की जेवणाचे डबे पुरवणारा, जनरेटरवाला, गर्दीत उभा राहणारा, सगळ्यांची चूल पेटती राहते. न्यूझीलंडनं हॉबिटपायी 2010 मध्ये आपला कामगार कायदा बदलला, का, तर चित्रीकरण दुसऱ्या देशात जाऊ नये. माटामाटा गावाजवळच्या मेंढ्यांच्या कुरणावर हॉबिटांची गोल दारांची घरं उभी केली होती, ती आता कायमची ठेवलीत आणि जगभरातून लोक तिकीट काढून बघायला जातात. वसगड्याच्या वाड्याची न्यूझीलंडी शाखा म्हणा. तेव्हा लांबीचा फायदा कुणाला होतो, या प्रश्नाला आक्कांच्या भावाची म्हैस हेही एक उत्तर आहे, आणि मी ते हसण्यावारी नेणार नाही.

पण बघणाऱ्याचं काय?

नातवानं मला इथं पेचात पकडलं. "बाई, तुम्हीच आम्हाला शाळेत 'ययाती' वाचा म्हणायचा. ती नाही काय ताणलेली?"

पोरगं हुशार आहे. महाभारताच्या आदिपर्वातलं ययातीचं आख्यान म्हणजे लाखभर श्लोकांच्या पसाऱ्यातला एक कोपरा. शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं, ययातीनं वर काढलं, लग्न केलं, शर्मिष्ठेच्या नादी लागला, शुक्राचार्यांनी म्हातारपणाचा शाप दिला, धाकट्या पुरूनं आपलं तारुण्य दिलं. एवढ्यावर याच कोल्हापुरात राहून वि. स. खांडेकरांनी 1959 मध्ये जाडजूड कादंबरी उभी केली, आणि मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं. आपल्याच जिल्ह्यातल्या आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 1967 मध्ये कर्णाचं 'मृत्युंजय' केलं, ते तर त्याहून जाड. आणि खांडेकर काही सिनेमापासून लांब बसलेले सोवळे लेखक नव्हेत. मास्टर विनायकांच्या हंस पिक्चर्ससाठी त्यांनीच 1936 मध्ये 'छाया' लिहिला, पुढंही लिहीत राहिले. पडद्याची लांबी म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग फरक काय? मी जास्वंदीला लावलेला पाण्याचा पाइप बंद केला, कारण पाणी भिंतीखालून आक्कांकडं चाललं होतं.

हॉबिटच्या चित्रपटात टॉरिएल नावाची एक लढवय्यी आहे, वनात राहणाऱ्या लांब कानांच्या लोकांपैकी. पुस्तकात ती नाही. पुस्तकात बाईच नाही म्हणून ती आणली, हे मला समजतं, आणि आवडतंही. तेरा बुटक्यांतल्या एका देखण्यावर तिचा जीव जडतो, शिवाय दुसरा एक राजपुत्र तिच्यावर जीव लावून बसतो. हे काम स्वीकारताना त्या नटीनं अट घातली होती, की प्रेमाचा त्रिकोण नको. पहिल्या चित्रीकरणात तो नव्हताही. चित्रपट वाढले, पुन्हा चित्रीकरण झालं, आणि त्रिकोण आला. हे तिनंच मुलाखतीत सांगितलंय.

"म्हंजे तिला बी फसवलं!" आक्कांना आता त्या लढवय्यीत रस आला.

खांडेकरांनीही अशीच एक पोरगी आणली. अलका. ययातीच्या दाईची मुलगी, सोनेरी केसांची. महाभारतात तिचा पत्ता नाही. राजवाड्यातल्या मोठ्यांच्या सोयीसाठी तिला विष दिलं जातं. पानांच्या हिशेबानं ती थोडीच आहे. पण ती काढून टाका, आणि ययाती मोडतो. हा माणूस पुढं सुखाच्या मागं असा का धावतो, कुठल्याच सुखात त्याला ठाव का लागत नाही, याचं मूळ त्या सोनेरी केसांत आहे. ती गेली तर कादंबरी पुन्हा आदिपर्वातलं आख्यान होऊन बसेल.

टॉरिएलला काढून बघितलंय लोकांनी. 2015 मध्ये एका चाहत्यानं तिन्ही चित्रपट कापून साडेचार तासांच्या आतबाहेरचा एकच केला. तो त्रिकोण काढला, त्यातल्या जादूगाराची मधली भानगड काढली, लढाई छाटली. गोष्ट जागची हलली नाही. उलट धावायला लागली.

"आमी टॉकीजमध्ये तेच करायचो," आण्णा गंभीरपणे म्हणाले. "पिच्चर लांब असला आणि शेवटच्या खेळाला उशीर होत असला की मालक सांगायचा, दुसरं गाणं काढ. काढलं तरी कुणी ओरडायचं न्हाई असली गाणी मला पाठ होती. आणि काही गाणी अशी, की त्यातलं एक कडवं काढलं तर पब्लिक खुर्च्या मोडंल. त्यांना हात लावायचा न्हाई. मालक म्हणंना का कायबी."

मी आयुष्यभर शिकवून जे सांगू शकले नसते ते आण्णांनी एका दमात सांगून टाकलं. म्हणून मी लगेच विषय पुढं ढकलला. विचारलं, "आक्का, तुम्हाला त्या तिन्हींतलं आवडलं काय?"

क्षणाचाही विचार नाही. "ते पावणे येतात ते! बाई, न सांगता तेरा पावणे! एक आला, मग दोन आले, मग घोळकाच. त्या गरिबाचं सगळं कोठार रिकामं केलं, ताटं उडवत नाचाय लागले. आणि ह्यो बघालाय नुसता, माझ्या आईची ताटं हाईत म्हणून. मला माझ्या सासऱ्यांची एकसष्टी आटवली. जोतिबाच्या जत्रंचं पावणं आणि एकसष्टीचं पावणं एकदमच आलतं."

आणि खरंच, त्या प्रसंगाला दिग्दर्शकानं चिक्कार वेळ दिलाय. समीक्षकांनी तिथंच कुरकुर सुरू केली होती, की अर्धा-पाऊण तास झाला तरी माणूस घरातनं हलत नाही. पण पुस्तकातही पहिलं प्रकरण लांबलचकच आहे, त्याच जेवणाचं. लांबी तिथं मुळातच आहे. गुहेत आपला घरकोंबडा नायक बिल्बो आणि तिथला गॉलम एकमेकांना कोडी घालतात ते प्रकरणही तसंच: दोघंच, अंधार, हरला तर खाल्ला जाणार. चित्रपटातही ते जवळजवळ पुस्तकासारखंच ठेवलंय, आणि तिन्ही भागांत सगळ्यात जिवंत तेच. टॉल्किननं स्वतः त्या एका प्रकरणाला पुढं हात घातला, 1951 च्या आवृत्तीत बदललं, कारण त्यातली अंगठी पुढच्या मोठ्या पुस्तकात राक्षस होऊन बसली होती. आपल्याच गोष्टीत लेखकानं केलेली वाढ ती, पण पाणी घालून नव्हे.

"कोडी घालताना मी जागा होतो," आक्कांनी ताठ मानेनं सांगितलं. नातवानं मान डोलावून साक्ष दिली.

माझी तक्रार आहे ती सरड्यानंतरची. पुस्तकात सरडा मेला की मजा येते, कारण तेव्हाच माणसं बिघडायला लागतात. बुटक्यांचा म्होरक्या सोन्यावर बसून वेडा होतो, मित्र मित्राला ओळखत नाही. केवढी जागा होती तिथं! खांडेकरांच्या हाती दिलं असतं तर शंभर पानं त्या एका सोन्याच्या वेडावर गेली असती आणि एकही पान जड झालं नसतं. चित्रपटात ते येतं, नाही असं नाही, पण बाहेर पाच फौजा उभ्या आणि त्यांना लढवायचं बाकी. मग पाऊण तास लढाई. बकऱ्या आल्या, डुकरं आली, पडणारा पूल आला, पडणाऱ्या पुलावरून उड्या आल्या.

"तवाच मी पाणी प्यायला उठलो," आक्का.

नातू आता मोबाईलमध्ये दुसरंच काही शोधत होता. "आज्जी, त्याच्या पुढचं आहे. 'रिंग्ज ऑफ पॉवर'. मालिका. 2022 ला आली, 2024 ला दुसरा सीझन. पाच करायचे ठरवलेत."

"कुठल्या पुस्तकावर?"

"पुस्तक असं नाही. मोठ्या पुस्तकाच्या शेवटी ती परिशिष्टं आहेत ना, त्यांच्यावर."

आण्णांनी किटली खाली ठेवली. "पुस्तक संपल्यावर मागं जी पानं उरतात, त्यांच्यावर पाच सीझन?"

"हो. नुसत्या हक्कांनाच पंचवीस कोटी डॉलर दिले म्हणतात."

"बाई," आण्णा माझ्याकडं वळले, "तुमच्याकडं 'मृत्युंजय' आहे न्हवं? मागं शब्दार्थ-बिब्दार्थ काय दिलंय काय बघून ठेवा."

आक्का हसल्या नाहीत. त्या कसल्यातरी हिशेबात होत्या. बोटं मोजली, मिरच्यांकडं बघितलं, मग नातवाकडं. "पैला बावीसला, दुसरा चोवीसला. म्हंजे पाचवा कधी?"

"कुणास ठाऊक आज्जी. तीसही उजाडंल."

"मग त्यातली वाईट बाई कोण, आणि शेवटाला मरतंय कोण, ते आत्ताच सांग. मी काय तिसापर्यंत जागा ऱ्हात न्हाई."

आणि नातू भिंतीला टेकून सांगायला लागला.